सात जुने बोल्ट

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी नाक मुरडायला नको. सोलापुरात स्टेशनाकडच्या रस्त्यावर माझी मोटार दुरुस्तीची शेड होती, तेव्हा गिऱ्हाइकं मला बिचकून असत. कुणी म्हणालं, "मिस्त्री, हे अजून चालंल की," तर मी हातातला पाना खाली ठेवायचो आणि म्हणायचो, "मग चालवा तुमी. माझ्याकडं कशाला आणली?" इंजन खोलणं-जोडणं कुणीही करतो, पण जुनं काय ठेवायचं आणि नवं काय घालायचं हे ठरवणं म्हणजे खरी मिस्त्रीगिरी, असं मी छाती पुढं काढून सांगत असे. आणि जेव्हा खरोखर ठरवायची पाळी आली तेव्हा मी काय केलं, ते आजवर कुणापाशी बोललेलो नाही.

तेव्हा उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी नव्यानंच धावू लागल्या होत्या. सोलापूरहून वैराग, तिथून बार्शी, आणि संध्याकाळी परत. त्या रस्त्यावरची एक मोटार आमच्या अप्पांची होती. अप्पा म्हणजे धान्याचे व्यापारी, लिंगायत, घरात कानडी आणि दुकानात मराठी. माणूस सरळ, पण दिलेला शब्द आणि ठरवलेला मुहूर्त मोडला की त्यांचं डोकं फिरायचं. त्यांच्या तीन गाड्यांवर माझी शेड उभी होती म्हटलं तरी चालेल. ही गाडी मूळची कुणा साहेबाची मोठी टूरिंग मोटार. तिचं मागचं अंग कापून त्यावर लाकडी खोकं आणि बाकं ठोकली होती. इंजन मात्र साहेबाचंच, चार सिलिंडरचं, दणकट.

ती चालवणारा माझा दोस्त. तो शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांपैकी, घरची बोली तेलुगू. आजा, बाप, चुलते सगळे मागावर बसणारे. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून जन्म काढायचा नाही म्हणून घरातला हा पहिलाच माणूस बाहेर पडला होता. बाप वर्षभर त्याच्याशी बोलला नव्हता. पुढं एकदा त्यानं बापाला पुढच्या सीटवर शेजारी बसवून वैरागपर्यंत नेलं, तेव्हा कुठं म्हातारा बोलता झाला. ही हकिकत तो मला महिन्यातून एकदा तरी सांगायचा, आणि मीही दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायचो.

त्याच्याइतका जपून गाडी चालवणारा माणूस मी पाहिला नाही. तेल बघितल्याशिवाय तो हँडल मारायचा नाही. इंजनातली तेलाची पट्टी काढायची, फडक्यानं पुसायची, परत घालायची, परत काढायची आणि उजेडात धरून निरखायची. मी चेष्टा करायचो, "अरे, तेल बघतोस का पोरगी?" त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "पोरगी एकदाच बघायची असती, मिस्त्री. तेल रोज बघावं लागतंय." वैरागच्या बाजारचे लोक दुसरी मोटार सोडून ह्याच्या मोटारीसाठी खोळंबून बसत. म्हाताऱ्या बाया तर त्याला मोटारवाला न म्हणता आमचा जावई म्हणायच्या.

पाऊसकाळ सरत आला होता तेव्हा एक दिवस तो शेडवर आला आणि म्हणाला, "मिस्त्री, चढावर इंजनात खालून कुणीतरी दार ठोकतंय." मी त्याच्याबरोबर बसून गेलो. भरल्या गाडीनं चढ घेतला की ठक ठक ठक असा आवाज येत होता. पिस्टनचा धक्का खाली फिरणाऱ्या क्रँकपर्यंत नेणारे दांडे असतात, त्यांच्या तोंडातला पांढरा धातू झिजला होता. मी अप्पांना सांगितलं, इंजन उतरवावं लागंल. अप्पा म्हणाले, "चालतंय न्हवं? मग दिवाळीनंतर बघू की."

मी काही बोलणार एवढ्यात हा म्हणाला, "अप्पा, ह्या आवाजात मी मानसं बसवणार न्हाई. दुसरा डायवर बघा." आम्हां दोघांनाही ते नवीन होतं. हा माणूस कधी कुणाला उलटून बोलायचा नाही. अप्पा शेवटी म्हणाले, "बरं, करा. पण मिस्त्री, खंडेनवमीला गाडीची पूजा झाली पायजे आन् दसऱ्याला ती माझ्या दारात पायजे. हार घालून गावाकडं न्यायची हाय, गावाला सांगून बसलोय." मी म्हणालो, "आणून देतो." उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

गाडी बंद म्हणजे त्यालाही काम नव्हतं. तो रोज सकाळी येऊन माझ्यासमोर उकिडवा बसायचा. मी गोणपाट अंथरून सुटे भाग मांडायचो. उजव्या हाताला राहणारे, डाव्या हाताला जाणारे. एकेक उचलून तो विचारायचा आणि मी मास्तरासारखा सांगायचो. पिस्टन राहतील, त्यांना चरे नाहीत. रिंगा जातील. व्हॉल्व्ह घासून चालतील. दांड्यांतला धातू खरवडून काढून नवा ओतायचा. मग त्यानं बोल्ट उचलले. दांड्याचं खालचं तोंड क्रँकभोवती दोन बोल्टांनी आवळलेलं असतं. चार दांडे, आठ बोल्ट. पुसल्यावर ते अगदी नव्यासारखे दिसत होते. त्यानं ते उजव्या हाताला ठेवले.

मी ते उचलून डावीकडं टाकले. "दिसायला चांगलेच असत्यात रे. पण मिनिटाला हजार हिसके खाऊन लांबत्यात. आन् यातला एक तुटला की दांडा सुटतो आन् इंजन फोडून बाहेर येतो. एकदा खोललेला बोल्ट परत घालायचा न्हाई, हा माझा नियम हाय."

"कितीबी चांगला असला तरी?"

"न्हाई म्हंजे न्हाई."

त्यानं मान डोलावली. असं सांगितलेलं तो मनात टाचून ठेवायचा, हे मला माहीत होतं. मी मुंबईहून आठ नवे बोल्ट आणि रिंगा मागवल्या.

आता आमच्या धंद्यातल्या दोन रीती सांगतो, त्या कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एक म्हणजे, काढलेला जुना माल मिस्त्रीनं ठेवून घ्यायचा नाही. फडक्यात गठुडं बांधून गाडीवाल्याच्या हवाली करायचा, म्हणजे काय काय बदललं ते त्याला मोजून बघता येतं. दुसरी रीत माझ्या वस्तादाची. खंडेनवमीला हत्यारं धुऊनपुसून मांडायची, हळदकुंकू वाहायचं, त्या दिवशी कशाला हात लावायचा नाही, आणि उघडं इंजन पूजेला ठेवायचं नाही. वस्ताद म्हणायचा, पोट फाडलेल्या जनावराला कुणी हार घालतं का? इंजन आधी मिटवायचं, नाहीतर त्या गाडीची पूजा वर्षभर राहिली असं समजायचं. आम्ही सगळे हे पाळायचो. मी जरा जास्तच पाळायचो, कारण ज्याच्या शेडमध्ये नवमीला इंजन उघडं राही त्याला बाकीचे मिस्त्री वर्षभर टोमणे मारत, आणि त्यात माझं तोंड सगळ्यांच्या पुढं असे.

मुंबईचं पार्सल अष्टमीला दुपारी आलं. सगळं बरोबर होतं. मी कामाला लागलो. पहिला दांडा, दुसरा दांडा. तिसऱ्याचा एक बोल्ट बसवला आणि दुसऱ्यावर नट चढेना. उजेडात धरून बघितलं तर त्याचे आटे चेपले होते. पार्सलात आपटला असेल नाहीतर कारखान्यातूनच तसा आला असेल. तसले बारीक आटे पाडायचं हत्यार सोलापुरात माझ्याकडंही नव्हतं आणि दुसऱ्या कुणाकडंही नव्हतं. चौथ्या दांड्याचे दोन बोल्ट चांगले निघाले. म्हणजे सात झाले, आणि एक कमी पडला.

मुंबईहून दुसरा यायला आठ दिवस गेले असते. दिवस कलला होता. मी डावीकडच्या ढिगातले आठ जुने बोल्ट पुढं ओढले आणि त्यातला सगळ्यात चांगला निवडला. खिडकीच्या काचेवर तो एका नव्या बोल्टाशेजारी आडवा ठेवून बघितला. तो केसभर लांब होता. अगदी केसभर, पण होता. मी तो काचेवरून उचलला, परत ठेवला, परत बघितला. बघायचं म्हणून बघत होतो. काय करायचं ते माझं ठरलं होतं.

माझ्या डोक्यात तेव्हा अप्पांचा हार होता, दसऱ्याची मिरवणूक होती, बाकीच्या मिस्त्र्यांची खदाखदा हसणारी तोंडं होती. आठात एकच तर आहे, असं मी मनाशी म्हणालो. हा भला माणूस शेडच्या मागं गाडीचं खोकं धूत होता, बादलीचा आवाज मला ऐकू येत होता. एक हाक मारली असती तर तो ओल्या हातानं आत आला असता, बोल्ट बघितला असता आणि म्हणाला असता, न्हाई म्हंजे न्हाई. म्हणूनच मी हाक मारली नाही. दिवेलागणीला इंजन मिटलं.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. हत्यारांना, गाडीला आणि त्या जुन्या मालाच्या गठुड्यालाही मी हळदकुंकू वाहिलं. चेपलेला नवा बोल्ट बदलून मागायला म्हणून फळीवर वेगळा ठेवला होता. गठुड्यात किती नग आहेत हे माझ्या मनातही आलं नाही. अप्पांनी नारळ फोडला, गठुड्याकडं बघितलं आणि ह्याला म्हणाले, "मला काय करायचंय ते? ठेव तुझ्याकडं." त्यानं ते सीटखाली सरकवलं.

दसऱ्याला गाडी अप्पांच्या गावाला जाऊन आली. संध्याकाळी तो आपट्याची पानं घेऊन माझ्याकडं आला, मला मिठी मारली आणि म्हणाला, "घड्याळावानी चालतीय, मिस्त्री." मला फार बरं वाटलं. वाटलं, उगाच जीव खाल्ला आपण स्वतःचा.

दिवाळीच्या तोंडावर वैरागच्या अलीकडं, माणसांनी आणि बाजाराच्या ओझ्यांनी भरलेल्या गाडीचा तिसरा दांडा इंजनाची भिंत फोडून बाहेर आला. त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली, कुणाला खरचटलंही नाही. निरोप आला तसा मी गेलो. तो प्रवाशांची गाठोडी उतरवून त्यांना बैलगाड्यांत बसवून देत होता. मी गाडीखाली शिरलो. तेल सगळं रस्त्यावर सांडून मातीत मुरलं होतं. फुटलेल्या भोकातून हात घातला आणि हाताला अर्धा बोल्ट लागला. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग चकचकीत आणि निम्मा काळा होता. काळा म्हणजे तिथं आधीपासूनच चीर होती. मी तो बंडीच्या खिशात टाकला आणि बाहेर आलो.

बैल लावून गाडी शेडवर आणली, तिथं अप्पा आले. भोक बघून ते खालीच बसले. मग ह्याला म्हणाले, "तेल बघितलं न्हवतंस." त्यानं सांगितलं, "सकाळी बघितलं हुतं, अप्पा. रोज बघतो." अप्पा माझ्याकडं वळले. "मिस्त्री, इंजन तुमी बांधलंय. तुमीच सांगा, हे तेलानं गेलं का कामानं?"

मी म्हणालो, "तेल असताना असं सहसा होत न्हाई, अप्पा."

वाक्य म्हणून ते खोटं नव्हतं, आणि हीच त्यातली हरामखोरी. तो माझ्यासमोर तीन हातांवर उभा होता. तो माझ्याकडं बघत राहिला, बराच वेळ. मी पाना पुसत होतो. पाना स्वच्छच होता. मग त्यानं सीटखालचं गठुडं काढलं, काखेत धरलं आणि तो निघून गेला. मला वाटलं, पोटापाण्याला भंगार विकायला नेलं असेल. असला विचार मी केला, त्याच्याबद्दल.

मोटार स्टँडावर बातमी पसरायला एक दिवस पुरला. तेल न बघणारा डायवर. ज्या माणसाच्या तेल बघण्याची आम्ही सगळे टिंगल करायचो त्याला हे नाव पडलं, आणि कुणालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही. बार्शीवाले, अक्कलकोटवाले, सगळ्या मालकांकडं तो जाऊन आला. कुणी गाडी दिली नाही. अप्पांनी मुंबईहून दुसरं इंजन आणवलं, मीच ते बसवलं, आणि गाडीवर दुसरा माणूस आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं झालं. फरक एवढाच की फाशीचा दोर चोरानंच वळला होता. काही महिन्यांनी कळलं, तो परत मागावर बसला.

मी तिकडं फिरकलो नाही. तीन वर्षं. पूर्व भागातून जायचं असलं तर लांबून वळसा घालून जायचो. घरात चिडचिड वाढली. बायको म्हणायची, "तुमचं कुटं दुखतंय ते एकदा सांगा तरी." मी तिच्यावरच खेकसायचो. तो अर्धा बोल्ट मी शेडमधल्या डब्यात ठेवला होता. तिसऱ्या वर्षी नवमीला हत्यारं मांडताना डबा पालथा झाला, तो बोल्ट घरंगळत पायाशी आला, आणि मी तो उचलून खिशात घातला व तसाच निघालो. नवमीला मागही बंद असतात, तो घरी सापडेल हे माहीत होतं.

दार उघडंच होतं. त्याची आई अंगणात बसली होती, तिनं मला ओळखलं, तेलुगूत आत काहीतरी सांगितलं. तो बाहेर आला. वाळला होता, डोळ्याला चष्मा लागला होता. "ये, मिस्त्री," म्हणाला, काल भेटल्यासारखा. आत माग उभा होता, त्यावर हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि अर्धं विणलेलं लुगडं. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा मी पाऊसपाणी, सुताचे भाव, गावातलं हे-ते बोलत राहिलो. तो व्हय व्हय करत होता.

बोलता बोलता माझी नजर मागाच्या मागल्या बाजूला गेली. लुगड्याच्या काठाचे दोरे ताठ राहावेत म्हणून त्यांना मागं बारकी वजनं टांगतात. कुणी खापरी बांधतं, कुणी गोटा. ह्यानं बोल्ट बांधले होते. एका काठाला चार. दुसऱ्या काठाला तीन, आणि चौथ्याच्या जागी एक घासून गोल केलेला दगड. प्रत्येकाला कुंकवाचं बोट लावलेलं होतं.

मी ते एकेक करून मोजले. तो म्हणाला, "सातच हुते."

"कधी मोजलेस?"

"पूजा झाली त्याच दिवशी, संध्याकाळी."

"मग गाडी का काढलीस? मला का बोलला न्हाईस?" माझा आवाज चढला. त्या क्षणीसुद्धा मी त्याच्यावरच चिडलो, मला माफी नाही.

तो शांतपणे म्हणाला, "वाटलं, मिस्त्रीनं एक आत ठेवलाय म्हंजे बघूनच ठेवला असंल. तुला इचारलं असतं तर तुला वाटलं असतं, मी तुझ्यावर नजर ठेवतोय."

"आन् अप्पांसमोर?"

"तितं मी वाट बघत हुतो, तू सांगशील म्हणून."

मग मी म्हणालो, "मी अप्पांना जाऊन सांगतो. आजच सांगतो. सांगू का?"

"सांगायचं तर सांग की. मला कशाला इचारतोस?"

मी खिशातून तो अर्धा बोल्ट काढून त्याच्यापुढं धरला. का धरला, सांगता येत नाही. बहुतेक तो रडेल, शिव्या देईल, निदान फेकून मारेल अशी आशा होती. त्यानं तो हातात घेतला, तुटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला, मग तळहातावर जोखून बघितला आणि दगडाकडं बघितलं. खरंच विचार करत होता तो. मग त्यानं मान हलवली.

"अर्धा हाय. ह्यानं काठ ढिला पडंल. ह्यापरीस दगड बरा."

त्यानं तो परत माझ्या हातात ठेवला आणि माझी बोटं त्यावर मिटवली. मग आईला हाक मारून म्हणाला, "मिस्त्रीला चहा ठेव." मी चहासाठी थांबलो नाही.

परत येताना वळसा घालायचं काही कारण उरलं नव्हतं, म्हणून सरळ बाजारातून आलो. अप्पा दुकानाच्या ओट्यावर बसले होते, गाडीला हार घातलेला, बाजूला पानाचं तबक. मला बघून त्यांनी हात केला. "या की मिस्त्री, पान खाऊन जावा. काय म्हणतंय आमचं इंजन?"

मी पायऱ्या चढून वर गेलो. खिशातल्या मुठीत बोल्ट होता. "चांगलं हाय, अप्पा," म्हणालो, पान खाल्लं आणि घरी आलो.